एक मोबाईल, एक टीव्ही आणि चाळीस पोरं: वर्गात टेक्नॉलॉजी वापरायची कशी (नवीन शिक्षकांसाठी)

शाळेत स्मार्ट टीव्ही आहे, नाहीतर प्रोजेक्टर आहे, गावाने लोकवर्गणी काढून घेऊन दिलाय, आणि तुम्ही नवीन जॉइन झालाय म्हटल्यावर सरपंचांपासून केंद्रप्रमुखांपर्यंत सगळे एकच विचारतात, "टीव्ही वापरता ना?" वापरायचा तर आहेच, पण म्हणजे नक्की काय करायचं हे कोणी नीट बसून सांगत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय. जिल्हा परिषदेची पाचवी ते आठवीची शाळा डोळ्यासमोर ठेवलीय, नेट कधी आहे कधी नाही, पोरांकडे मोबाईल नाहीत, तुमच्याकडे एक साधा अँड्रॉइड फोन आहे, एवढंच धरून चालू.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. टीव्ही लावला की वर्ग गप्प होतो. पण गप्प बसलेलं पोरगं शिकतंयच असं नसतं, दहा मिनिटांचा व्हिडिओ संपल्यावर "कळलं का रे?" विचारलं की सगळे एका सुरात "होऽऽ सर" म्हणतात आणि नंतर वहीत बघावं तर काहीच नाही. नेहमीच्या तासाला प्रश्न विचारला तरी हात वर करणारी पाच-सहा पोरं ठरलेली असतात, बाकीच्यांना माहीत असतं की आपल्याला कोणी विचारणार नाही. टेक्नॉलॉजीचा खरा उपयोग इथे आहे. मागच्या बाकावरच्या, कधीच न बोलणाऱ्या पोरीचंही उत्तर तुमच्यापर्यंत आलं पाहिजे, आणि तेही त्याच तासाला, पेपर तपासताना नाही. कुठलंही ॲप घेताना मी हे एकच बघतो, की यातून प्रत्येक पोराला स्वतःचं डोकं चालवून काहीतरी उत्तर द्यावं लागतंय का. तसं नसेल तर ॲप कितीही भारी असू दे, मी घेत नाही.

पहिल्या आठवड्यात फक्त सामान बघा

काही शिकवायच्या आधी शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबा आणि टीव्ही चालू करून बघा. रिमोटमध्ये सेल आहेत का, एचडीएमआय केबल कुठल्या कपाटात आहे, तुमचा मोबाईल टीव्हीला कास्ट होतो का, म्हणजे फोनची स्क्रीन टीव्हीवर दिसते का (काही फोनमध्ये याला स्मार्ट व्ह्यू म्हणतात, काहीत स्क्रीन कास्ट), आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो का. मग स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसा, पोरांच्या उंचीला, आणि तिथून स्क्रीनवरचं वाचता येतंय का बघा. खिडकीचा उजेड स्क्रीनवर पडत असेल तर पडदा लावायच्या आधी टीव्हीची जागा किंवा बाकांची दिशा बदलता येते का ते बघा, कारण वर्ग अंधारा केला की लिहिणं बंद होतं आणि पोरं पेंगायला लागतात. हे सगळं तास चालू असताना करायला गेलात तर पाच मिनिटं केबलमध्ये जातात आणि तेवढ्यात वर्ग हातातून सुटतो.

मग कार्डं

नवीन शिक्षकाला मी सगळ्यात आधी प्लिकर्स नावाचं ॲप सांगतो. पोरांना मोबाईल लागत नाही, टॅब लागत नाही, फक्त कागदी कार्डं लागतात. प्रत्येक कार्डावर काळ्या चौकोनांचं एक वेगळंच चित्र असतं, क्यूआर कोडसारखं दिसणारं, आणि चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी असतं. पोराने आपलं उत्तर ज्या बाजूला आहे ती बाजू वर करून कार्ड धरायचं. तुम्ही समोर उभं राहून मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, की कोणी काय उत्तर दिलं ते लगेच तुमच्या स्क्रीनवर येतं. अक्षरं इतकी बारीक असतात की शेजाऱ्याने काय धरलंय ते पटकन दिसत नाही आणि प्रत्येक कार्डाचं चित्र वेगळं असल्यामुळे बघून फिरवायची सोयही राहत नाही.

कार्डांची पीडीएफ त्यांच्या वेबसाईटवर फुकट मिळते, साधा सेट ४० कार्डांचा आहे, पट जास्त असेल तर ६३ कार्डांचाही आहे. तालुक्याच्या गावी कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट होतात. प्रिंट काढल्यावर जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यावर चिकटवा, कडेचा पांढरा भाग कापून टाकू नका. आणि चकचकीत लॅमिनेशन करायचा मोह होईल, तो टाळा, कारण ट्यूबलाइटचा किंवा खिडकीचा उजेड त्यावर चमकला की कॅमेऱ्याला कार्ड वाचताच येत नाही.

आता पायऱ्या. वेबसाईटवर अकाउंट काढा, तुमचा वर्ग तयार करा. पोरांची नावं टाकताना पूर्ण नावाऐवजी हजेरी क्रमांक टाका, म्हणजे ७ नंबरच्या पोराचं कार्ड ७, लक्षात ठेवायला सोपं आणि पोरांची माहिती उगाच बाहेर जात नाही. तीच कार्डं सकाळी सहावीला आणि दुपारी सातवीला चालतात, वेगळी छापायची गरज नाही. प्रश्न मराठीत टाइप होतो, टायपिंगचा कंटाळा असेल तर जीबोर्डवर (गूगलचा कीबोर्ड) मराठी व्हॉइस टायपिंग चालू करा आणि बोला, नंतर फक्त शुद्धलेखन बघून घ्या. शाळेत लॅपटॉप असेल तर त्यावर वेबसाईट उघडून टीव्हीला जोडा, मोबाईलवर तुम्ही प्रश्न सुरू केला की मोठ्या स्क्रीनवर आपोआप दिसतो. लॅपटॉप नसेल तर प्रश्न सरळ फळ्यावर लिहा, काही बिघडत नाही.

पहिल्या दिवशी अभ्यासाचा प्रश्न अजिबात घेऊ नका. "तुम्हाला कुठला खेळ आवडतो, कबड्डी, खो-खो, क्रिकेट की लंगडी" असा घ्या, कारण पोरांना कार्ड धरायलाच शिकायचं असतं. बोटं चित्रावर येऊ द्यायची नाहीत, कार्ड छातीशी सरळ धरायचं, तोंडासमोर नाही, आणि सर "झालं" म्हणेपर्यंत हलवायचं नाही. पहिला दिवस यातच जाऊ द्या. कार्डं वाटायला आणि गोळा करायला दोन पोरं नेमा, आठवड्याने बदला. ते केलं नाही तर दर वेळी कार्डांच्या वाटपातच वेळ जातो.

प्रश्न बनवणं हेच खरं काम

इथे मात्र थांबून नीट वाचा, कारण ॲप एका दुपारी येतं पण प्रश्न बनवायला डोकं लागतं. "महाराष्ट्राची राजधानी कोणती" असा प्रश्न कार्डांवर विचारून काही हाती लागत नाही, ज्याला माहीत त्याला माहीत. प्रश्न असा पाहिजे की चुकीचा प्रत्येक पर्याय कुठल्यातरी खऱ्या गैरसमजातून आलेला असेल. मग चुकलेलं उत्तरच तुम्हाला सांगतं की पोराच्या डोक्यात काय चाललंय.

एक उदाहरण घेऊ, दशांश अपूर्णांकाचं. प्रश्न: यातली सगळ्यात मोठी संख्या कोणती? ए ०.३, बी ०.४५, सी ०.१२५, डी ०.०९. बरोबर उत्तर ०.४५. पण आता चुका बघा. ज्याने ०.१२५ धरलं तो दशांश चिन्हाकडे लक्षच देत नाहीये, त्याला १२५ दिसतंय आणि ते ४५ पेक्षा मोठं आहे. ज्याने ०.०९ धरलं त्याला नऊ हा मोठा अंक दिसलाय, मधल्या शून्याचं काम काय ते त्याला माहीत नाही. आणि ज्याने ०.३ धरलं ना, तो सगळ्यात इंटरेस्टिंग, कारण त्याने कुठेतरी ऐकलंय की दशांश भाग शतांशापेक्षा मोठा असतो आणि शतांश सहस्रांशापेक्षा, म्हणून चिन्हापुढे आकडे जितके कमी तितकी संख्या मोठी असं त्याने स्वतःच ठरवून टाकलंय. हाच प्रश्न ०.३ च्या जागी ०.५ घेऊन विचारला असता तर या पोराचं उत्तर बरोबर आलं असतं आणि त्याचा गैरसमज आठवीपर्यंत तसाच गेला असता! म्हणून आकडे निवडताना वेळ घाला. तीन जण, तीन वेगळे गैरसमज, आणि तिघांना तीन वेगळी मदत लागते, हे फळ्यावर एका पोराला बोलावून कधीच कळलं नसतं.

आठवड्याला असे दोन-तीन चांगले प्रश्न बनवले तरी पुष्कळ झाले. एका तासाला तीनपेक्षा जास्त घेऊ नका. मागच्या वर्षीच्या वह्या आणि चाचणीचे पेपर काढून बसा, पोरं कुठे चुकतात ते तिथे लिहिलेलंच असतं, तेच पर्याय म्हणून उचला.

तासाला ते वापरायचं कसं

प्रश्न दाखवा, मिनिटभर पूर्ण शांतता, कोणी कोणाशी बोलायचं नाही. मग कार्डं वर, स्कॅन. आता कुठल्या पर्यायाला किती उत्तरं आली त्याचा ॲपमधला आलेख लगेच स्क्रीनवर दाखवू नका, कारण सगळ्यात उंच पट्टी दिसली की पोरं तिकडेच वळतात. बरोबर उत्तरही सांगू नका. फक्त तुम्ही बघा.

पुढे काय करायचं ते बरोबर उत्तरं किती आली त्यावर ठरतं. हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकात पीअर इन्स्ट्रक्शन (पोरांनीच एकमेकांना समजावून शिकायचं) नावाची पद्धत रुजवली, त्यातला ढोबळ नियम असा आहे: ३० टक्क्यांपेक्षा कमी पोरांचं बरोबर असेल तर चर्चा करून उपयोग नाही, तुम्हीच परत शिकवा. ७० टक्क्यांच्या वर बरोबर असेल तर थोडक्यात सांगून पुढे जा. आणि मधे कुठेतरी असेल, म्हणजे समजा ३२ पैकी १५-१६ जणांचं बरोबर आहे, तर सोनं सापडलं असं समजा. पोरांना म्हणा, "शेजारी ज्याचं उत्तर वेगळं आहे त्याला पटवून दे." दोन-तीन मिनिटं वर्गात गलका होईल, होऊ द्या, तो कामाचा गलका असतो. तुम्ही बाकांमधून फिरा आणि फक्त ऐका. "अरे पण ०.१२५ मध्ये एकशे पंचवीस आहेत ना," "पण ते पॉइंटच्या पुढे आहेत," असं पोरं आपल्या भाषेत भांडतात आणि आपण चार वेळा सांगून जे पोचत नाही ते शेजारच्याच्या तोंडून पोचतं. मग परत कार्डं वर, परत स्कॅन, आणि आता दोन्ही वेळचे आकडे पोरांना सांगा.

शेवटी मीटरपट्टी काढा. ०.३ मीटर म्हणजे ३० सेंटिमीटर, ०.४५ म्हणजे ४५, ०.१२५ म्हणजे साडेबारा आणि ०.०९ म्हणजे फक्त ९, चारही खुणा पट्टीवर पोरांनाच करायला लावा. स्क्रीनवरचा प्रश्न शेवटी हातातल्या वस्तूपाशी आला पाहिजे, माझा तरी हा आग्रह आहे.

गुण देऊ नका. या उत्तरांना एकदा गुण चिकटले की पोरं परत शेजाऱ्याचं बघायला लागतात आणि तुम्हाला खरी चूक दिसायची बंद होते. कोण चुकलं ते नावासकट मोठ्या स्क्रीनवर दाखवणं तर चुकूनही नको.

मोबाईलचा कॅमेरा, टीव्हीचा भिंग

हे करायला ॲप पण लागत नाही तरी फार कमी शिक्षक करतात. फोन टीव्हीला कास्ट करा, कॅमेरा उघडा, आणि फोन दोन पुस्तकांच्या ढिगांमधे आडवा ठेवा, कॅमेरा खाली टेबलाकडे. झाला तुमचा डॉक्युमेंट कॅमेरा. आता एखाद्या पोराची वही खाली ठेवली की त्याने भागाकार कसा केला ते सगळ्या वर्गाला दिसतं. नाव झाकून, त्याला विचारूनच ठेवा, आणि "यात काय आवडलं" हा प्रश्न आधी, "कुठे अडकलंय" हा नंतर. दोन पोरांनी एकच गणित दोन रीतींनी सोडवलं असेल तर दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवा, त्यावर अख्खा तास निघतो.

विज्ञानात तर विचारूच नका. शाळेच्या कुंपणाला जास्वंद असतेच. फूल आणा, ब्लेडने पाकळ्या मोकळ्या करा (ब्लेड तुमच्याच हातात), आणि कॅमेऱ्याखाली धरा. मधली नळी, तिच्यावर सगळीकडून फुटलेले पुंकेसर, त्यांच्या टोकाचे पिवळे परागकण, आणि अगदी वर पाच मखमली गोल टोकं, ते कुक्षी. बोटाला लागलेले परागकण टीव्हीवर एवढे मोठे दिसले की पुस्तकातल्या आकृतीकडे पोरं वेगळ्याच नजरेने बघतात. पण इथेही आधी विचारा, "टोकं किती असतील, अंदाज लिहा," आणि मग दाखवा.

सिम्युलेशन: आधी अंदाज, मग बटण

फेट नावाची विज्ञान-गणिताची फुकट सिम्युलेशनं आहेत, म्हणजे स्क्रीनवरच करून बघायचे प्रयोग, नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात हे काम सुरू केलं. बरीच मराठीतही आहेत. आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे नवीन सिम्युलेशनं घरी नेटवर डाउनलोड करून ठेवली की लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये नेट नसतानाही चालतात.

विद्युत परिपथाचं घ्या. एक सेल, दोन एकसारखे बल्ब एकामागे एक जोडलेले. बटण दाबायच्या आधी कार्डांवर विचारा: कुठला बल्ब जास्त उजळेल, सेलजवळचा पहिला, दुसरा, की दोन्ही सारखे? खूप पोरं पहिला म्हणतात, कारण त्यांना वाटतं वीज पहिल्या बल्बमध्ये थोडी "संपते" आणि उरलेली पुढे जाते. मग स्विच लावा. दोन्ही सारखेच उजळतात, आणि तारेतून जाणारे इलेक्ट्रॉन दोन्हीकडे सारख्याच वेगाने सरकताना दिसतात, जे खऱ्या तारेत कधीच दिसणार नाही. आता एक बल्ब काढला तर? परत अंदाज, परत बघा. नंतर बाजारातून आणलेले टॉर्चचे एकाच प्रकारचे दोन बल्ब आणि सेल घेऊन पोरांच्या हातांनी तेच जोडून घ्या. माउस स्वतःच्या हातात ठेवू नका, दर दोन मिनिटांनी वेगळं पोर लॅपटॉपवर आणि बाकीचे त्याला काय करायचं ते सांगणार, असं ठेवलं की तीस जण एका लॅपटॉपवर काम करू शकतात.

व्हिडिओ लावायचाच असेल तर

बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड असतात, २०१७ ला सुरू झालेल्या दीक्षा ॲपमधून ते स्कॅन केले की पाठाशी जोडलेलं साहित्य उघडतं. पुस्तकांत असे कोड आणण्याची कल्पना सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी आधी स्वतःच्या वर्गात करून दाखवली होती, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला तो यासारख्या कामांसाठी. तेव्हा साहित्याची कमतरता नाही, ते लावायचं कसं हा प्रश्न आहे.

तीन-चार मिनिटांपेक्षा मोठा तुकडा सलग लावू नका. घरी पूर्ण बघा, कुठे थांबवायचं ती वेळ कागदावर लिहून ठेवा, आणि तिथे थांबवून विचारा की पुढे काय होईल. आवाज बंद करून लावणं हीसुद्धा चांगली युक्ती आहे, पोरांनाच निवेदन करायला लावा. यूट्यूब असेल तर ऑटोप्ले बंद करा, आणि जाहिरात चालू असताना स्क्रीन झाकता येईल अशी सोय आधीच बघून ठेवा.

ओळखा आमचा जिल्हा

हे महिन्यातून एकदा करा. दुसऱ्या जिल्ह्यातल्या ओळखीच्या शिक्षकाशी वेळ ठरवा, व्हिडिओ कॉल टीव्हीवर लावा. दोन्ही वर्गांनी एकमेकांचा जिल्हा ओळखायचा, प्रश्न फक्त हो किंवा नाही असं उत्तर येणारेच. पोरांसमोर ३६ जिल्ह्यांचा नकाशा पसरलेला असतो आणि प्रत्येक उत्तराबरोबर पेन्सिलने जिल्हे खोडत जायचे. "समुद्रकिनारा आहे का?" नाही म्हटलं की फक्त सात जिल्हे खोडले जातात. "तुमच्या जिल्ह्याची हद्द दुसऱ्या राज्याला लागते का?" हा प्रश्न कितीतरी जास्त कामाचा, हे पोरांना तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला आपोआप समजायला लागतं. एक गट प्रश्न ठरवणारा, एक नकाशावाला, एक समोरच्यांच्या प्रश्नांना उत्तर शोधणारा, असं वाटून द्या म्हणजे कोणी रिकामं राहत नाही. नेट अडखळत असेल तर व्हिडिओ बंद करून नुसत्या आवाजावर चालवा, खेळ तितकाच रंगतो.

ज्या गोष्टींवर पाणी सोडायचं नाही

पोरांचे फोटो, व्हिडिओ उठसूट ग्रुपवर आणि सोशल मीडियावर टाकू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातलेली आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी ती आपली पोरं आहेत. जून महिन्यात पालकसभेतच काय वापरणार आहात ते दाखवा, लेखी संमती घ्या.

मोबाईलवरचा गृहपाठ सक्तीचा करू नका. घरात एकच फोन, तो वडिलांबरोबर शेतात नाहीतर कंपनीत, रात्री नऊला परत येणार आणि रिचार्ज संपलेला. असं पोर दुसऱ्या दिवशी वर्गात मान खाली घालून बसतं, आणि ज्याला बोलतं करायचं म्हणून हा सगळा खटाटोप केला तेच गप्प होतं. जे काही डिजिटल करायचं ते शाळेच्या वेळेत करा.

आणि लाईट जाणारच आहे. प्रत्येक डिजिटल तासाचा कागदी जोड तयार ठेवा: प्रश्न वहीत लिहिलेला असला की फळ्यावर येतो, स्कॅन होत नसेल तर सगळ्यांनी डोळे मिटून एक ते चार बोटं छातीशी धरायची आणि तुम्ही नजरेने मोजायचं. चर्चा, परत मत, मीटरपट्टी, सगळं तसंच चालतं.

एक वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा. तारीख, प्रश्न, पहिल्यांदा बरोबर किती, चर्चेनंतर किती, आणि कुठला चुकीचा पर्याय जास्त जणांनी धरला, एवढंच, दोन ओळींत. केंद्राच्या शिक्षण परिषदेला जाताना ती वही बरोबर न्या आणि शेजारच्या शाळेतल्या बाईंना विचारा की त्यांची पोरं ०.३ ला मोठं म्हणतात का. त्यांचे प्रश्न तुम्ही घ्या, तुमचे त्यांना द्या, पुढच्या जूनमध्ये सहावीच्या गणिताला सुरुवात कराल तेव्हा तपासून घेतलेले प्रश्न तुमच्या हातात तयार असतील.